फ्रान्समधल्या ल्योंच्या काकूंना, सोलापूरहून आलेल्या पोराकडून

काकू, सादर नमस्कार.

ऑक्टोबरातला तो रविवार तुम्ही विसरलाही असाल. कागदपत्रांच्या हेलपाट्यांना कंटाळून मी परत जायच्या गोष्टी करत होतो. तुम्ही डब्यात पोहे भरलेत आणि म्हणालात, "जायचं तर जा, पण आधी गाव बघून घे."

फूर्व्हियेरच्या टेकडीवर उभं करून तुम्ही हात दाखवलात : अलीकडे सोन नदी, पलीकडे रोन नदी, मधे गावाची चिंचोळी पट्टी. इ.स.पू. ४३मध्ये रोमनांनी इथे लुग्दुनुम वसवलं, हे तुम्ही शेजारणीची खबर सांगावी तसं सांगितलंत. खालचं कॅथेड्रल, त्यातलं खगोलीय घड्याळ भराभर उरकलंत. तुमची घाई क्रुआ-रूसला, विणकरांच्या जुन्या वस्तीत, पोचायची होती.

तिथे तुम्ही एक साधं दार ढकललंत नि आपण त्राबूलमध्ये शिरलो. लोकांच्या घरांच्या पोटातून अंगण, जिना, बोळ करत थेट खालच्या रस्त्यावर! कुणीतरी ओरडणार म्हणून मी दबकत चालत होतो. मग तुम्ही विचारलंत, "या घरांची छतं एवढी उंच का, सांग?"

ते मात्र मला येत होतं. जॅकार्डला, म्हणजे नक्षी विणणाऱ्या मागाला, डोक्यावर जागा लागते! आमच्या घरी चादरीचे माग. भोकं पाडलेल्या पुठ्ठ्यांची माळ बघतच मी वाढलो. पण जॅकार्ड हे माणसाचं आडनाव आहे, तो इथलाच, १८०४च्या सुमाराचा, आणि चौकात त्याचा पुतळा आहे, हे ऐकून मी येड्यासारखा हसलो. १८३१मध्ये विणकामाचा ठरलेला दर व्यापाऱ्यांनी नाकारला म्हणून इथले रेशीम विणकर, कान्यू, उठले, तेही तुम्हीच सांगितलंत. मागाच्या आवाजाला ते 'बिस्तांक्लाक-पान' म्हणत. मी रात्री बाबांना फोनवर म्हणून दाखवलं. ते म्हणाले, "बरोबर आहे, पण जरा सावकाश चालतोय."

त्यानंतर परत जायचा विषय निघाला नाही. ८ डिसेंबरला, १८५२पासून चालत आलेल्या रिवाजाप्रमाणे, खिडकीत काचेच्या पेल्यांतल्या मेणबत्त्या लावायला तुम्ही मला बोलावलंत, तेव्हा मी पाहुणा उरलो नव्हतो.

आभार मानले तर तुम्ही रागावता, म्हणून चारचौघांत मानतोय. सोबत आईने चादर पाठवली आहे. मोर जरा भडक आहेत. आमच्याच मागावरची आहे, कपाटात ठेवू नका.

तुमचा,
पोहे संपवणारा