रंगमंच लहान करू न देणाऱ्या मामांस

आदरणीय मामा,

साष्टांग नमस्कार.

हे पत्र सर्वांना वाचता येईल असे लिहीत आहे, कारण तुमच्यासमोर येऊन आभार मानू लागले की तुम्ही चहाचे विचारता आणि विषय तिथेच संपवता. आमच्या नाट्यसंस्थेने तुमचा सत्कार करायचे ठरवले, तर नेमके त्याच दिवशी तुम्हाला गावाकडे काम निघाले. आपले नाव कुठेही येऊ नये अशी तुमची इच्छा आहे आणि ती मी येथे पाळते आहे. मात्र तुम्ही जे केले ते आपल्या शहराला ठाऊक असायला हवे, एवढा हट्ट मला करू द्या. वर्ष उलटून गेले, तरी त्या दिवसांबद्दल बोलायला लागले की माझा गळा दाटून येतो, म्हणून लिहिणेच बरे वाटले.

८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री आपले संगीतसूर्य केशवराव भोसले नाट्यगृह जळाले. दुसरा दिवस गायक-नट केशवरावांच्या जयंतीचा. ज्या दिवशी त्यांना अभिवादन करायचे, त्या दिवशी कोल्हापूरचे कलावंत काळवंडलेल्या भिंतींसमोर उभे राहून रडत होते. राजर्षी शाहू महाराजांनी १९१५ मध्ये उभे केलेले हे नाट्यगृह, जुनी माणसे आजही ज्याला पॅलेस थिएटर म्हणतात, आणि त्याला लागूनच त्यांनी बांधलेले खासबागचे कुस्ती मैदान. मल्ल आणि नट यांना शेजारी शेजारी जागा देणारा असा राजा दुसरा कोणता, मला सांगता येणार नाही. दगडी भिंती उभ्या राहिल्या; आतला रंगमंच, पडदे, छप्पर, खुर्च्या मात्र गेल्या. नामवंतांचे दुःख त्या दिवशी सर्वांनी पाहिले. पण दिवसभर नोकरी किंवा दुकान सांभाळून रात्री नाटक करणाऱ्या आमच्यासारख्या हौशी मंडळींचे त्या आगीत काय गेले, हे सांगणेही कठीण होते. रंगमंचाच्या कडेच्या विंगेतून निघाल्यावर किती पावलांत मध्यावर पोहोचायचे, हे अंधारातही आमच्या पायांना कळत असे. ती जमीनच उरली नव्हती.

पुरात सापडलेल्यांना मदत कशी करायची, हे कोल्हापूरला कोणी शिकवावे लागत नाही. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि पुन्हा २०२१ च्या जुलैमध्ये पंचगंगेने राजाराम बंधाऱ्यावरची ४३ फुटांची धोक्याची पातळी कितीतरी मागे टाकली, तेव्हा पेठापेठांतून भाकऱ्यांच्या चवडी निघाल्या, तालमींची पोरे पाण्यात उतरली आणि शाळांची दारे रातोरात उघडली. कुंभारांच्या घरांत पाणी शिरून गणपतीच्या मूर्ती भिजू लागल्या, तेव्हा त्या उचलून कोरड्या जागी नेणारे हातही याच शहरातले होते. नाट्यगृह जळाल्यावर मात्र कलावंताला नेमके काय द्यायचे, हे भल्या माणसांनाही उमगेना. लोक यायचे, हळहळायचे, जुन्या प्रयोगांच्या आठवणी सांगायचे आणि जड मनाने परत जायचे.

काहींना तर ते उमगून घ्यायचेही नव्हते. त्या सकाळी कॅमेऱ्यासमोर "आमचे सभागृह कलावंतांसाठी केव्हाही मोकळे आहे" असे सांगणाऱ्या एका गृहस्थांकडे आम्ही पुढच्याच आठवड्यात गेलो, तेव्हा त्यांच्या व्यवस्थापकाने लग्नसराईच्या दरांचा कागद पुढे सरकवला. दुसऱ्या एका ठिकाणी, नाटकवाले फरशी खराब करतात, असे तोंडावर ऐकवले गेले. तिसरीकडे होकार मिळाला, परंतु फलकावर कोणाचे नाव कोठे येणार यावरच इतकी चर्चा झाली की तालमीची वेळ ठरवायची राहूनच गेली. मला या सर्वांचा राग येतो आणि तो लपवावा असे मला वाटत नाही. त्यांच्या शब्दावर विसंबून आम्ही दुसरी जागा शोधली नव्हती, आणि नाट्यस्पर्धेची तारीख तर जवळ येत चालली होती.

तुमची-आमची ओळख तशी जुजबी. नेपथ्याच्या चौकटी, जिने, लेव्हल म्हणजे रंगमंचावरचे उंचवटे तुम्ही करून द्यायचात, प्रयोगाच्या वेळी विंगेत उभे असायचात आणि शेवटचा पडदा पडला की खिळे वेचून निघून जायचात. आमच्यातल्या एकाकडून तुम्हाला आमची अडचण कळली आणि संध्याकाळी काम थांबल्यावर माझी सुतारकामाची शेड वापरा, असा तुमचा निरोप आला. भाड्याचा विषय तुम्ही निघूच दिला नाही. तेवढ्यासाठीही आम्ही तुमचे ऋणी राहिलोच असतो, पण हे पत्र शेडसाठी लिहिलेले नाही.

पहिल्या संध्याकाळी आम्ही पोहोचलो, तेव्हा अर्धवट झालेली कपाटे आणि दारांच्या चौकटी भिंतीकडेला लावून, भुसा झाडून तुम्ही जमीन मोकळी केली होती आणि गेरूत भिजवलेले सूत ताणून तिच्यावर रेघा मारत होतात. शेजारी एक जुनी, कडा झिजलेली वही उघडी पडली होती. केशवराव नाट्यगृहाच्या रंगमंचाची मापे तिच्यात तुमच्या अक्षरात टिपलेली होती: दर्शनी पडद्याची रुंदी, मागच्या पडद्यापर्यंतची खोली, कोणत्या विंगेतून केवढी वस्तू आडवी न करता आत येते, हे सारे. इतकी वर्षे इतरांच्या नाटकांचे नेपथ्य बसवताना तुम्ही ते लिहून ठेवले होते. शेड रुंदीला कमी पडत होती. आमच्यातला एक जण सहज म्हणाला, "मामा, थोडा लहान आखा, तालमीपुरते चालेल." तुम्ही मान वर करून पाहिलेही नाही. "लहान करायचा नाही," एवढेच म्हणालात, सूत उंबऱ्यावरून बाहेर नेलेत आणि शेवटची रेघ अंगणातल्या फरशीवर मारलीत.

मामा, त्या एका रेघेसाठी हे पत्र आहे.

त्या आठवड्यांत जो तो आम्हाला थोडक्यात भागवायला सांगत होता. दोन पात्रांचे नाटक घ्या, नेपथ्याशिवाय करा, यंदा राहू द्या. असे सांगणाऱ्यांत आमच्याविषयी खरी कळकळ असणारेही होते, आणि म्हणूनच ते मनाला अधिक पटत चालले होते. आम्ही मनातल्या मनात आखडत होतो आणि त्यालाच शहाणपण म्हणू लागलो होतो. नाट्यगृह जळाले म्हणून नाटकही तेवढेच लहान झाले पाहिजे असे नाही, हे आम्हाला कोणी व्याख्यान देऊन पटवले असते तर पटले नसते. तुम्ही ते जमिनीवर आखून दाखवलेत.

उजवी विंग त्या दिवसापासून अंगणात गेली. त्या बाजूने प्रवेश असणारी मंडळी उघड्यावर उभी राहून आपल्या वाक्याची वाट पाहायची आणि पावसाची सर आली तर छत्री मिटून, दाराशी टेकवून, त्याच तोऱ्यात आत यायची. बाहेरची रेघ पावसाने धुऊन जायची, आतल्या रेघा दिवसभराच्या कामात पुसट व्हायच्या, आणि तरीही दुसऱ्या संध्याकाळी आम्ही येण्यापूर्वी सगळी आखणी पुन्हा ताजी झालेली असायची. आमच्यातली सर्वांत लहान मुलगी त्या रंगमंचावर एकदाही उभी राहिली नव्हती. तिची पाळी येण्याआधीच तो गेला. तिला तुम्ही एकदा रेघारेघांतून चालवत नेलेत. इथे थांबलीस तर शेवटच्या रांगेला दिसशील, इथे आलीस तर विंगेची सावली तोंडावर पडेल, असे एकेक ठिकाण दाखवलेत. तिने केशवराव नाट्यगृह पाहिले ते तुमच्या शेडमध्ये. पुढे आमचा प्रयोग दुसऱ्याच एका सभागृहात झाला, पण त्या मुलीच्या पावलांत कुठेही चाचपडणे नव्हते.

ज्यांच्या नावाने हे नाट्यगृह आहे त्या केशवरावांनी ८ जुलै १९२१ रोजी टिळक स्वराज्य फंडासाठी बालगंधर्वांबरोबर 'संयुक्त मानापमान' केले. दोन प्रतिस्पर्धी नाटक कंपन्यांचे मालक एका कारणासाठी एका रंगमंचावर आले, आणि त्याच वर्षी वयाच्या अवघ्या ३१ व्या वर्षी केशवराव गेले. तो मोठेपणा आपण शंभर वर्षे आठवतो आहोत आणि आठवायलाच हवा. आनंदराव आणि बाबूराव पेंटर यांनी नाटक कंपन्यांसाठी रंगवलेल्या पडद्यांचेही कोल्हापूरला कौतुक आहे. पण 'संयुक्त मानापमान'च्या त्या रात्री पडदे टांगणारे, दोर ओढणारे, प्रयोग संपल्यावर सर्वांत शेवटी बाहेर पडणारे कोण होते, हे कोणी लिहून ठेवलेले माझ्या वाचनात आले नाही. भलेपणाचे असेच होते. तो फलकावर येत नाही, त्याला पावती नसते, आणि ज्याच्या अंगी तो असतो त्याला आपण काही विशेष केले असे वाटतही नाही. आपल्या शहरात अशी माणसे पुष्कळ आहेत; पुराच्या वेळी ती रस्त्यावर दिसतात आणि एरवी आपापल्या दुकानांत, शेडमध्ये, घराच्या ओट्यावर मुकाट्याने काम करीत असतात. मला त्यांच्यातले एक जण भेटले, हे माझे भाग्य.

आता एक विनंती. नाट्यगृहाच्या पुनर्बांधणीचे काम चालू आहे. त्यासाठी नकाशे आहेत, जाणकार अभियंते आहेत. परंतु नेपथ्य आत आणताना कोठे अडते, कोणत्या विंगेत दोन माणसे एकमेकांना वाट देऊ शकत नाहीत, असल्या गोष्टी नकाशात नसतात आणि तुमच्या वहीत आहेत. त्या पानांची छायाचित्रे काढून संबंधितांपर्यंत पोहोचवायची परवानगी आम्हाला द्यावी. वही तुमच्या घराबाहेर जाणार नाही आणि तुमची इच्छा नसेल तर तुमचे नावही त्यासोबत जाणार नाही. येत्या रविवारी सकाळी दहा वाजता आम्ही दोघी येऊ. काही मापांपुढे तुम्ही लाल पेन्सिलीने खुणा केल्या आहेत, त्यांचा अर्थ आम्हाला लागत नाही. तो तुम्ही सांगावा, आम्ही शब्दशः लिहून घेऊ.

आपली,
एक हौशी रंगकर्मी
कोल्हापूर