खड्डा खणायच्या आधी मला बोलावणाऱ्या फिटरमामांना

फिटरमामा,
स. न. वि. वि.

तुम्हाला असलं कौतुक आवडत नाही, ठाऊक आहे. पण आज ऐन धारेच्या वेळी लाईट गेली, ह्यांनी तुम्ही धारेच्या मशीनच्या पंपाला जोडून दिलेलं इंजिन चालू केलं आणि एकाही गाईचा पान्हा मोडला नाही. म्हटलं, आता चार लोकांत सांगायचंच.

तुमच्या आधी जे आले ते सगळे ह्यांच्याशीच बोलले. मी चहा द्यायची आणि आत जायची. गुळगुळीत पुस्तकातून दोन्ही बाजूंना पाच-पाच गाईंचं हेरिंगबोन पार्लर दाखवायचे, म्हणजे गाई वर तिरप्या उभ्या आणि धारा काढणारा मधल्या खड्ड्यात. आमच्या गाई डझनभर; त्यात दुभत्या किती, भाकड किती, एकानंही विचारलं नाही. एकानं तर आगाऊ रक्कम घेतली आणि फोन उचलायचाच सोडला. अनुदानाचा कागद कन्नडात, मशीनचं पुस्तक इंग्रजीत, सगळं रेटून नेणारे पुष्कळ.

तुम्ही आलात ते थेट गोठ्यात, आणि पहिलंच विचारलंत, "धारा कोण काढतंय?"

मी पुढं आले. "वैनी, हितं भितीला टेकून उभा ऱ्हावा," म्हणालात. खिशातला खडू काढून माझ्या कोपरापाशी एक रेघ, खांद्यापाशी एक. मग चंद्रीच्या सडापासून जमिनीपर्यंत टेप लावलात. कास या दोन रेघांच्या मधे यायला पाहिजे, म्हणून खड्डा सव्वादोन फूट. पुस्तकात तीन फूट होता. त्यात मी उतरले असते तर सड नाकासमोर आले असते आणि दोन्ही वेळा हात वर धरून खांदे गेले असते. लग्न होऊन आले तेव्हापासून धारा काढते मामा, अंगठे रात्री ठणकतात. पण गोठ्यातलं काही माझ्या मापानं करायचं असतं, हे कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं. माझ्याही नाही. त्या रेघा चुन्याचा हात मारताना मी मुद्दाम सोडायला लावल्यात.

बाकी हिशेब तुम्ही उभ्या उभ्याच केलात. एकाच बाजूला चार गाई पुरे, दुसऱ्या बाजूच्या पाइपाला जागा ठेवा. दहाचं विकलं असतंत तर तुमचाच फायदा होता. व्हॅक्यूम, म्हणजे मशीनची ओढ, ४२ ते ५० किलोपास्कलच्या आत ठेवा, दूध लवकर निघावं म्हणून काटा चढवाल तर सडाची टोकं सुजतील आणि दगडी, म्हणजे कासेची सूज, मागं लागेल. सडावर बसणारा रबरी लायनर २५०० धारांना बदला, वरून चांगला दिसला तरी. हे तुम्ही ह्यांना नाही, मला सांगितलंत, आणि परत माझ्याकडून म्हणून घेतलंत.

दूधगंगा-वेदगंगेच्या काठानं घरोघरी जनावरं आहेत आणि बहुतेक गोठ्यांत पहाटे उठणारी बाईच असते. डेअरीचं पुस्तक मात्र तिच्या नावावर क्वचित. तुम्ही काही त्यावर भाषण केलं नाहीत. खडू काढलात, एवढंच. सरळ माणूस कामातच कळतो, आणि अशी माणसं आमच्या वाट्याला जरा उशिरा येतात, एवढी एक तक्रार.

पुढच्या वर्षी दोन कालवडी व्यायतील, तेव्हा दुसऱ्या बाजूचं बोलू. येताना काकींना घेऊन या, आणि जेवायला थांबायचं आहे. मागच्यासारखं "सांगलीची गाडी चुकंल" चालणार नाही.

तुमची,
निपाणीकडची वैनी