कापलेली पट्टी

ती. आई-बाबा,
सा. न.

फोनवर आईच्या दुखण्याच्या गोळ्यांचा विषय काढला की आई "गुडघा बराय गं" म्हणून पाणी कधी आलं ते सांगायला लागते. म्हणून लिहितेय.

गणपतीत औषधाचं दुकान दोन दिवस बंद होतं, आठवतंय? आईला दरदरून घाम, नाक गळतंय, जुलाब, सारख्या जांभया, पाय एका जागी ठरेनात. आपण म्हटलं, व्हायरल. गौरीच्या सकाळी बाबांनी गोळ्या आणल्या, आईनं एक घेतली आणि दीडेक तासात पुरण वाटायला बसली. असं व्हायरल मी तरी पाहिलं नाही.

निघताना डब्यातली एक पट्टी मी पर्समध्ये टाकली. दुकानदारानं कात्रीनं कापून दिलेली, नाव अर्धंच उरलेलं: '...माडॉल'. म्हणजे ट्रामाडॉल, अफूच्या गोतावळ्यातलं. २०१८ पासून हे अमली पदार्थांच्या कायद्याखाली आहे. बाबा, तो ओळखीचा म्हणून चिठ्ठीशिवाय देतो, यात उपकार कसला? ऑपरेशननंतर दहा दिवसांसाठी लिहून दिलेली गोळी दोन वर्षं चाललीय, आणि दोनाच्या चार झाल्यात.

आई, रागावू नकोस, तुला कुणी व्यसनी म्हणत नाहीये. दुखतं म्हणूनच घेतलीस. पण शरीराला सवय झाली की तेवढीच गोळी पुरेनाशी होते, आणि चुकली की गौरीत झालं तसं होतं.

आता हिशेब बघ, तुला आवडतो तसा. या गोळीत ३२५ मिलिग्रॅम पॅरासिटामॉलही आहे. चार गोळ्यांचं १३००. डोकं दुखलं की ६५० च्या तीन, १९५०. सर्दीच्या दोन, त्यात ५००-५००. झाले ४२५०. धडधाकट माणसालाही दिवसाला ४००० च्या वर जायचं नसतं, तू ४६ किलोची. यकृत बिघडायला लागतं तेव्हा पहिल्या दिवशी काही जाणवतही नाही.

बाबा, सगळ्यात भीती मला तुमच्या झोपेच्या अर्ध्या गोळीची वाटते. आईला झोप नाही म्हणून प्रेमानं देता, कळतं मला. ती यापुढे अजिबात देऊ नका. दोन्ही मिळून श्वास मंदावतो, झोपेतच. घोरणं विचित्र वाटलं, ओठ निळसर दिसले, हलवूनही उठत नसली तर माझ्या फोनची वाट न बघता १०८ लावा.

ट्रामाडॉल मात्र एकदम बंद करायचं नाही. चारच्या चारच राहू देत, वाढवायची नाही. डबा बाबांच्या कपाटात. डोकेदुखीच्या आणि सर्दीच्या गोळ्या मात्र बंद. गोळी हळूहळू उतरवतात, डॉक्टरांच्या देखरेखीखाली. शनिवारची वेळ घेतलीय. दुखण्यावर दुसरं काय देता येईल तेही विचारू.

शुक्रवारी रात्रीच्या एसटीनं येतेय. रिकाम्या पट्ट्याही टाकू नका, डॉक्टरांना दाखवायच्यात. आणि आई, स्टँडवर डबा घेऊन बाबांना पाठवू नकोस, मी जेवून निघेन.

तुमची,
छकुली