बंड्या, तुझ्या घराची किल्ली पाठव

कोल्हापूर, रविवार, पहाटेचे पाच

प्रिय बंड्या,

कसा हायस? मी आत्ताच गस्तीवरनं आलोय, चहा ठेवलाय आणि तुला लिहायला बसलोय. फोनवर सांगितलं असतं, पण ही गोष्ट तोंडानं सांगायला जीभच रेटंना.

मे महिन्याच्या सुट्टीत आपल्या कॉलनीत एका आठवड्यात दोन बंद घरं फोडली लेका. कडी-कोयंडा उचकटून, पेपरात येतं तसंच. कळंबा जेलच्या एवढ्या जवळ राहतोय आणि चोर सगळे बाहेर, यावर कट्ट्यावर दोन दिवस हसून झालं, तिसऱ्या दिवशी देवळात मीटिंग. पहिला अर्धा तास अर्थातच गेल्या गणपतीच्या वर्गणीचा हिशोब. मग वॉचमन ठेवूया म्हणाले, पगाराचा आकडा ऐकून सगळे गप्प, मग कोणतरी म्हणालं आपणच फिरूया की. ७२ घरं, २८ जण तयार झाले, रोज रात्री चौघं, १२ ते ४, ज्याचा त्याचा वार ठरलेला. घरटी ५०० काढून बॅटऱ्या, शिट्ट्या आणि ती चमकणारी जाकिटं आणली. माझा शनिवार.

पहिला आठवडा काय विचारू नकोस. तालमीतली पोरं दंडुके घेऊन, मध्ये भडंग, रात्री दोनला जत्राच. तिसऱ्या आठवड्यात कुणाचे पाहुणे आले, कुणाची कंबर धरली, नेहमीचंच. खरं काम दिवसा झालं आणि ते केलं कोपऱ्यावरच्या बाईंनी, त्या शाळेतनं रिटायर झालेल्या. पायरीवर तांदूळ निवडत बसतात आणि दिसलेली अनोळखी गाडी कालनिर्णयच्या चौकोनात लिहून ठेवतात. मी बघितलं तर एकाच चौकोनात 'सिलेंडर आला', खाली 'दूध १ लि. जादा' आणि त्याच्या खाली 'काळी गाडी, दोघे, मागची पाटी वाकवलेली, ११ ते १२ तीन फेऱ्या'. बीटच्या हवालदारांनी ते पान मोबाईलवर फोटो काढून नेलं. आमच्या २८ जणांनी मिळून एवढी माहिती गोळा केली नव्हती.

आता मूळ मुद्दा. ग्रुपवर रोज फॉरवर्ड यायचे, अमुक गँग आलीय, वेश बदलून फिरत्यात, कुठल्या गावचा व्हिडिओ, कधीचा, काय पत्ता नाही. गेल्या शनिवारी चारला आम्ही घरी निघालो आणि ओढ्याकडच्या बोळात एक जण दिसला. डोक्याला फेटा, खांद्याला झोळी, हातात कंदिलासारखं कायतरी. कुत्री भुंकायला लागली, आणि बंड्या, शिट्टी मी मारली. मीच. पाच मिनिटात तीस-चाळीस माणूस जमलं, एकाच्या हातात चक्क लोखंडी पाईप. कॉलर धरली, झोळी उलटी केली. रस्त्यावर काय पडलं सांगू? ज्वारी, तांदूळ, डाळ सगळं एकात एक मिसळलेलं, थोडी चिल्लर, प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेलं आधार कार्ड आणि एक कुडमुडं, ते डमरूसारखं छोटं वाद्य. ते कुडमुडं बघितलं आणि माझे हातपाय गार पडले. पिंगळा होता रे तो. आपण पेठेत असताना पहाटे भविष्य सांगत, दान मागत यायचा, तुझी आई सुपातनं तांदूळ घालायची आणि तू भिऊन माझ्या मागं लपायचास, तोच, म्हणजे त्याच्यातलाच.

मी ओरडलो, पण कोण ऐकतंय! शेवटी दोन नंबर गल्लीतले रिटायर फौजी मध्ये घुसले, त्या माणसाला पाठीशी घेतलं आणि पाईपवाल्याला म्हणाले आधी मला मार. तेव्हा गर्दी सैल झाली. एक कानफटात बसलीच होती त्याला. कुडमुड्याचं कातडं फाटलं. मी धान्य गोळा करून द्यायला लागलो तर म्हणाला, राहू दे, त्यात खडं आल्यात. एवढंच बोलला आणि गेला.

तुला राईनपाडा आठवतंय? १ जुलै २०१८, धुळे जिल्हा. मुलं पळवणारे समजून जमावानं पाच जणांना ठेचून मारलं, नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे, भिक्षा मागायला गेलेले. तेव्हा आपण दोघांनी फोनवर त्या गावाला किती शिव्या घातल्या होत्या. आणि परवा माझ्या तोंडात शिट्टी.

दुसऱ्या दिवशी मी मीटिंगमध्ये भांडलो. दंडुके, पाईप सगळं बंद. कोण दिसलं तर लांबनं बॅटरी मारायची, नाव-गाव नीट विचारायचं, शंका असली तर ११२ लावायचा आणि गाडी येईपर्यंत अंगाला हात लावायचा नाही. एक जण म्हणाला, कायद्यानं नागरिकाला पकडता येतंय. येतंय की, भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम ४०, पण कधी? तुझ्या डोळ्यासमोर अजामीनपात्र दखलपात्र गुन्हा केला तर, किंवा तो फरारी म्हणून जाहीर असला तर, आणि तेही सहा तासाच्या आत पोलिसांच्या ताब्यात द्यायचा. पहाटे रस्त्यानं चालणं हा कुठला गुन्हा झाला? गप्प बसला, पण तोंड वाकडं करून. ग्रुपवर आता फॉरवर्ड बंद, त्यावरनं तिघं लेफ्ट झाले, होऊ देत.

चोर काय अजून सापडलेले नाहीत. त्या काळ्या गाडीचा तपास चालू आहे म्हणत्यात.

आज मुद्दाम पावणेपाचपर्यंत बोळाच्या तोंडाशी थांबलो. खिशात ५०० ची नोट ठेवली होती, कुडमुडं मढवायला. आला नाही.

बरं, तुझ्या घराचं. तू पुण्याला गेल्यापासनं तुझी बाहेरची लाईट दिवस-रात्र चालू असते, म्हणजे 'घरात कोण नाही' असा बोर्डच लावलायस. गेटात तीन लग्नपत्रिका आणि लाईट बिल पडलंय. एक किल्ली कुरिअर कर, बाईंच्याकडं ठेवतो, त्या लाईटचं बघतील. आणि तुझे वर्गणीचे ५०० राहिल्यात, ते आजच टाक, खजिनदार माझ्या मागं लागलाय.

तुझाच,
शनिवारचा गस्तवाला