सुट्टीवरच्या जवानाचा अपघात कुणाच्या फायलीत?

मा. जिल्हाधिकारी साहेब, बेळगाव यांस,

स. न. वि. वि.

जिल्हा सैनिक मंडळाचे अध्यक्ष आपण आणि जिल्हा रस्ता सुरक्षा समितीचे अध्यक्षही आपणच. म्हणून हे पत्र बंगळूर-दिल्लीला न धाडता आपल्याला लिहितो आहे. सुट्टीवर आलेला जवान रस्त्यात जखमी झाला, तर त्याचं प्रकरण या दोन्ही फायलींत दिसायला हवं. ते एकीतही दिसत नाही.

खानापूर-बेळगावच्या खेड्यांत मराठा सेंटरमुळे (मराठा लाईट इन्फंट्रीचं बेळगावातलं केंद्र) फौजी घरं भरपूर. पोरं दिवाळीला, लग्नसराईला, जत्रेला येतात आणि नेमका तोच उसाचा हंगाम. अंधारात ट्रॅक्टर, त्यामागे दोन ट्रॉल्या, ना दिवा ना रिफ्लेक्टर. आमच्या भावकीतला एक जवान अशाच ट्रॉलीवर मागून आदळला. चुलतभाऊ मोटारसायकल चालवत होता, हा मागे बसलेला. पाठीवर फौजी सॅक, खिशात रात्रीच्या गाडीचं तिकीट. मांडीचं हाड मोडलं, गुडघा कामातून गेला.

पोलिसांनी जबाब कानडीत लिहिला. चुलतभावाला कानडी बोलता येतं, वाचता येत नाही. त्याने सही केली. पुढे वकिलांनी वाचून दाखवलं तेव्हा कळलं, त्यात एवढंच होतं की दोघं मोटारसायकलवरून बेळगावला चालले होते. जवान सुट्टी संपवून युनिटला परत निघाला होता, हे कुठेच नाही. तिकीट नाही, सुट्टीचा पास नाही, पंचनाम्यात सॅकसुद्धा नाही.

साहेब, त्या न लिहिलेल्या ओळीवर त्याची डिसॅबिलिटी पेन्शन अडकली आहे. सुट्टीत गावात असताना झालेल्या अपघाताचा नोकरीशी संबंध नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने 2011 मध्ये जुझार सिंग प्रकरणात म्हटलं. पण सुट्टीवर जाता-येतानाचा प्रवास ड्यूटीत धरला जातो. 1999 च्या मदन सिंग शेखावत प्रकरणात सुट्टीवर घरी जाताना रेल्वेतून उतरताना जखमी झालेल्या जवानाला पेन्शन मिळाली. म्हणजे हाड तेच मोडतं, पण तो गावच्या बाजाराला निघाला होता की स्टेशनला, यावर सगळं फिरतं. युनिटची कोर्ट ऑफ इन्क्वायरी, म्हणजे फौजेची चौकशी, बसते तेव्हा ती पोलिसांचाच कागद मागते, आणि त्या कागदावर हे नसतं.

फौजेने हात वर केले की उरतो ट्रॉलीवाल्यावरचा क्लेम. तिथे विमा कंपनीचा वकील विचारतो, पगार चालू आहे, ऑपरेशन मिलिटरी हॉस्पिटलात फुकट झालं, मग नुकसान कसलं? ट्रॉलीचा वेगळा विमा नसला की आणखी एक पळवाट. नुकसान कसलं ते आम्ही फौजी सांगू शकतो. मेडिकल कॅटेगरी, म्हणजे फौजेतला तंदुरुस्तीचा दर्जा, खाली गेली की प्रमोशन अडतं. जवान चाळिशीच्या आत-बाहेर घरी येतो आणि खरा संसार दुसऱ्या नोकरीवर चालतो. डीएससी (डिफेन्स सिक्युरिटी कोअर) असो की बँकेतला गार्ड, तिथे तंदुरुस्त माणूस लागतो. अपंगत्वाच्या टक्क्यांवर न थांबता कमाईच्या ताकदीवर काय परिणाम झाला ते बघा, असं सर्वोच्च न्यायालयाने राज कुमार विरुद्ध अजय कुमार या निकालात 2010 मध्येच सांगितलंय. पण ते ट्रिब्युनलपुढे, म्हणजे अपघाताच्या भरपाईचे दावे चालवणाऱ्या न्यायाधिकरणापुढे, मांडायला युनिटचे मेडिकल कागद लागतात. शिवाय बायको पुण्याच्या कमांड हॉस्पिटलला खेपा घालते, त्याच्या पावत्या कोण जपून ठेवतो?

कायदा वाईट नाही. 1 एप्रिल 2022 पासूनच्या नियमांप्रमाणे पोलिसांनी 48 तासांत पहिला अपघात अहवाल आणि 90 दिवसांत सविस्तर अहवाल ट्रिब्युनलला द्यायचा असतो. तो अहवालच क्लेमचा अर्ज धरला जातो. तो नीट गेला तर क्लेम लावून देणाऱ्या दलालांची गरजच नाही. (सिव्हिल हॉस्पिटलच्या आवारात ही मंडळी पोलिसांच्या आधी पोचतात.) तो गेला नाही तर जखमीने स्वतः सहा महिन्यांच्या आत अर्ज करायचा. मुदत टळली म्हणून अर्ज फेटाळू नका, असा अंतरिम आदेश सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर 2025 मध्ये दिला, पण अंतरिम तो अंतरिम. प्लॅस्टरमधला जवान पठाणकोटला असेल तर सहा महिने कधी सरले हे कळतही नाही.

हद्दीचं वेगळंच. महाराष्ट्राच्या हद्दीत, शिनोळीच्या पुढे धडक झाली तर ठाणं चंदगडचं, जिल्हा कोल्हापूर आणि जखमी बेळगावच्या दवाखान्यात. जखमी राहतो त्या भागातल्या ट्रिब्युनलमध्येही क्लेम लावता येतो, पण हे सांगायला कुणी नाही. लोक उगाच हेलपाटे घालतात.

आपल्याकडे मागणं मोठं नाही. आपल्या दोन्ही अध्यक्षपदांतून मिळून एक परिपत्रक निघावं. जखमी माणूस नोकरीतला जवान आहे असं कळलं की ठाण्याने पहिल्याच अहवालात सुट्टीचा पास आणि तिकीट नोंदवावं, तो कुठून कुठे निघाला होता ते लिहावं, आणि एक प्रत जिल्हा सैनिक कार्यालयाला द्यावी. त्या कार्यालयाने ती युनिटला पाठवावी आणि तिथले मेडिकल कागद क्लेमसाठी मागवून घ्यावेत. जबाब कानडीतच लिहा, हरकत नाही, पण सहीआधी तो मराठीत वाचून दाखवा आणि वाचून दाखवला अशी नोंद करा. भाषेच्या वादात मला हे पत्र ओढायचं नाही. सही करणाऱ्याला मजकूर कळावा, एवढंच.

आणि कारखाने सुरू होण्याआधी, गाळप परवान्याच्या बैठकीतच, रिफ्लेक्टर आणि विमा नसलेली ट्रॉली वजनकाट्यावर घ्यायची नाही असं कारखानदारांकडून लिहून घ्यावं.

कळावे,

आपला,
एक निवृत्त सुभेदार
तालुका खानापूर, जिल्हा बेळगाव