“पुस्तक चुकलं” म्हणणाऱ्या वाचनालयातल्या काकूंना

काकू, नमस्कार.

समोर येऊन आभार मानले असते तर “बरं बरं, पुढे व्हा, मागे माणसं उभी आहेत” म्हणून तुम्ही मला वाटेला लावलं असतं. म्हणून हे चारचौघांत लिहितेय. नाव लिहीत नाही, तुम्हाला ते आवडायचं नाही. आपल्या वाचनालयात येणाऱ्यांना न सांगताही कळेल.

पाचवी-सहावीपर्यंत फास्टर फेणे उशाशी घेऊन झोपणारा माझा मुलगा आठवीत एकाएकी वाचेनासा झाला. भा. रा. भागवतांचा बन्या त्याला ‘लहान मुलांचा’ वाटायला लागला आणि बन्याच्या पुढे काय, ते कुणी सांगेना. खरी गोम इथेच आहे. छोट्यांसाठी चित्रांची पुस्तकं भरपूर, मोठ्यांसाठी थोरामोठ्यांच्या कादंबऱ्या रांगेत उभ्या. मिसरूड फुटायला लागलेल्या पोरानं मधल्या मध्ये काय वाचायचं?

विचारायला मी कमी केलं नाही. शाळेत विचारलं. तिथे १५ ऑक्टोबरला, कलामसाहेबांच्या जयंतीला, वाचन प्रेरणा दिन अगदी दणक्यात होतो. मुलांच्या हातात एकेक पुस्तक देतात, फोटो काढतात, आणि फोटो झाला की पुस्तकं पुन्हा कपाटात. त्या कपाटाची किल्ली कुणाकडे असते, हे मुलांना दहावी झाली तरी कळत नाही. बाईंनी मला ऐकवलं, “घरात वातावरण हवं हो वाचनाचं.” पुस्तकांच्या दुकानात गेले तर तिथल्या माणसानं मुलाचं वय विचारलं आणि ‘यशस्वी व्हा’ छापाची दोन पुस्तकं पिशवीत घातली. दिरांनी वाढदिवसाला थोर पुरुषांची चरित्रं दिली. भिलारलाही नेऊन आणलं. गाव सुरेख आहे, घराघरांत पुस्तकं मांडलीत, बोट ठेवायला जागा नाही. पण चिरंजीवांनी स्ट्रॉबेरी क्रीम खाल्लं आणि गाडीत जाऊन बसले. शेवटी एका समुपदेशकांकडे गेलो. त्यांनी मोबाईल काढून घ्यायला सांगितलं आणि फी घेतली.

या सगळ्यांचं एका गोष्टीवर एकमत होतं, की बिघाड पोरात आहे.

तुमच्याकडे आलो तेव्हा तुम्हीही पहिल्यांदा एक जाडजूड ऐतिहासिक कादंबरीच दिली होतीत. आठवड्यात ती परत आली. काउंटरवर ठेवताना त्याची मान खाली आणि माझी टकळी सुरू: एवढं चांगलं पुस्तक, लोक डोक्यावर घेतात, आणि ह्याला चार पानं जात नाहीत. तुम्ही माझ्याकडे न बघता नुसता हात वर केलात. चष्मा कपाळावर सरकवून त्याला विचारलंत, “कुठवर गेला होतास?” त्यानं पान काढून दाखवलं. तुम्ही तिथल्या चार ओळी मनातल्या मनात वाचल्यात आणि म्हणालात, “हां. इथे मलाही झोप आली होती. तुझं नाही रे, पुस्तक चुकलं. मी चुकीचं काढून दिलं.”

बस, एवढंच. तुम्ही लगेच पुढच्या आजोबांचं पुस्तक नोंदवायला घेतलंत, तुमच्या लेखी विषय संपला होता. पण पोरगा तुमच्याकडे बघतच राहिला. चौदा वर्षांच्या मुलाला ‘माझं चुकलं’ असं मोठी माणसं कितीदा म्हणतात? आणि तेही आईच्या देखत!

मग तुम्ही विचारलंत, मोबाईलवर काय बघतोस. तो प्रश्न आम्ही सगळेच विचारायचो, पण पोलिसासारखे. तुम्हाला खरंच उत्तर हवं होतं. तो पुटपुटला, “भुताचे व्हिडिओ.” तुम्ही आत गेलात आणि नारायण धारपांची एक कादंबरी घेऊन आलात. बाइंडिंग खिळखिळं, कोपरे गोल झालेले, आणि पहिल्या पानावर कुणीतरी पेन्सिलीनं लिहिलेलं, ‘रात्री एकट्याने वाचू नये’. ते वाचून तो हसला. मला मात्र धास्तीच वाटली, कारण आमच्या घरी धारप म्हणजे लपवून वाचायचं पुस्तक. तुम्ही मला म्हणालात, “वाचू दे हो. घाबरला तर पान उलटेल.”

घाबरला आणि पान उलटलं. इंग्रजी माध्यमामुळे त्याचं मराठी वाचन अडखळत चालतं, पण दाराबाहेर काय उभं आहे ते कळायची घाई असली की जोडाक्षरं आपोआप सुटतात, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं. धारपांवरून तो सुहास शिरवळकरांवर गेला, तिथून नारळीकरांच्या ‘वामन परत न आला’वर. आणि मग तुम्ही त्याच्या हातात माडगूळकरांचं ‘सत्तांतर’ ठेवलंत. “यात भूत एकही नाही, पण मारामाऱ्या आहेत,” एवढीच प्रस्तावना. वानरांच्या टोळ्यांची ती लहानशी कादंबरी. तिला साहित्य अकादमी पुरस्कार मिळालाय, हे तुम्ही त्याला सांगितलं नाहीत म्हणून तुमचे वेगळे आभार. सांगितलं असतंत तर त्यानं हात लावला नसता. जेवताना तो आम्हाला वानरांचं राजकारण समजावून सांगत होता आणि त्याचे बाबा, जे स्वतः वर्तमानपत्रापलीकडे काही वाचत नाहीत, मध्येच “मग पुढे काय झालं?” म्हणून विचारत होते.

एकदाही तुम्ही त्याला ‘काय बोध घेतलास’ असं विचारलं नाहीत. पुस्तक परत घेताना फक्त “झोपलास का रात्री?” एवढंच.

काकू, तुमच्या दारावर ‘शासनमान्य’ अशी पाटी आहे. अनुदान कधी येतं आणि त्यातून तुमच्या हातात काय पडतं, ते तुमच्या खुर्चीची विणलेली पट्टी बघूनच कळतं. त्या खुर्चीत बसून तुम्ही परक्या पोराच्या आवडीनिवडी ध्यानात ठेवता. मोठ्या पदांवरच्या, मोठ्या फिया घेणाऱ्या माणसांना जे सुचलं नाही ते तुम्हाला सुचलं, कारण तुम्ही त्याच्याशी माणसासारखं बोललात. अशी माणसं कुठे बँकेत भेटतात, कुठे एसटीच्या खिडकीवर, आणि त्यांच्या नावाचे फ्लेक्स काही कुणी लावत नाही. निदान मी हे पत्र तरी लिहितेय.

मिठाईचा पुडा आणणार नाही, तुम्ही तो वाचकांतच वाटून टाकाल. माझी बंद पडलेली वर्गणी मात्र परत सुरू करतेय, नवऱ्याचीही. आणि एक निरोप आहे चिरंजीवांचा: रत्नाकर मतकरींच्या गूढकथा कुणीतरी नेल्यात म्हणे. परत आल्या की कपाटात लावू नका, त्याच्यासाठी बाजूला ठेवा. शनिवारी येतोय.

तुमची,
एक सभासद
(आणि त्या भुताच्या व्हिडिओवाल्याची आई)