मीटरवर ३१, कार्डावर ३४

काका, नमस्कार.

तुमचं नाव मला माहीत नाही. भांडुप स्टेशनबाहेर तुमची रिक्षा लागायची, एवढंच ठाऊक. आभार मानायला स्टँडवर दोनदा येऊन गेले. दोन्ही वेळा कळलं की तुम्ही गावी गेलात आणि कधी परताल ते नक्की नाही. म्हणून इथे सगळ्यांसमोर लिहितेय. घरच्या कुणाच्या मोबाइलवर दिसलं तर दिसलं.

आठवण करून देते. फेब्रुवारी २०२५ मध्ये तीन रुपयांसाठी भांडली होती ना, ती मी. १७ नंबरचा फॉर्म भरून बाहेरून दहावीला बसले होते. शाळा सुटून वीस वर्षं झालेली. मार्चमध्ये बीजगणिताचा पेपर आणि मी अजून सारण्यांतच अडकलेली.

१ तारखेपासून किमान भाडं २३ चं २६ झालं होतं, पण तुमचा मीटर जुन्याच दराने पळत होता. क्लासवरून घरापर्यंत दोन किलोमीटर. मीटरवर ३१, तुम्ही मागितले ३४. मी म्हटलं, "दिसतंय तेवढंच देणार." तुम्ही आवाज चढवला नाहीत. आतला दिवा लावलात आणि एका कोपऱ्याला लॅमिनेशन सुटलेलं कार्ड माझ्यापुढे धरलंत. डावीकडे मीटरचा आकडा, उजवीकडे द्यायचं भाडं. २३ ला २६, ३१ ला ३४.

"म्हणजे तीन वाढवायचे," मी म्हटलं.

"दोनच ओळी बघितल्यात, ताई. खाली या."

४६ ला ५१. ६१ ला ६९. तीनाचे पाच झाले, पाचाचे आठ. माझा नियम तिसऱ्याच ओळीत आपटला.

मग सीएनजीच्या पावतीमागे तुम्ही लिहून दाखवलंत. जुना दर किलोमीटरला १५.३३, नवा १७.१४. फरक १ रुपया ८१ पैसे, तोही प्रत्येक किलोमीटरमागे. म्हणजे मिळवायचं नाही, गुणायचं. तीन किलोमीटरला ५.४३ बरोबर बसले. "पण चारला ७.२४ च येतात, कार्डावर आठ कसे?" मी लगेच पकडलं. (तीन रुपयांसाठी भांडणारी बाई हे सोडेल होय!) तुम्ही हसलात. चार किलोमीटरला जुन्या दराने ६१.३२, त्याचे ६१ होतात, आणि नव्याने ६८.५६, त्याचे ६९. पैसे काढून टाकताना एक आकडा खाली गेला, दुसरा वर. गडबड नियमात नव्हती.

तेव्हा मी मांडीवरची वही उघडली. एक्स अधिक वाय बरोबर ३. एक्स ३ दिला तर वाय शून्य, तेवढं यायचं. पुढच्या रकान्यात मात्र वाय ५ दिलेला आणि एक्सची जागा रिकामी. तिथे मी ८ लिहिलं होतं. क्लासमध्ये "किंमत घाला, उत्तर काढा" एवढंच सांगितलेलं. किंमत खालच्या ओळीत असली तर काय, हे विचारायची लाज वाटायची. तुम्ही कार्डावर बोट ठेवलंत. "गिऱ्हाईक ५१ देऊन उतरलं, तर मीटरवर किती होते?" बोट उजवीकडून डावीकडे सरकलं. ४६. "कार्ड दोन्ही बाजूंनी वाचता येतं. आता सांगा, कशात ५ टाकले की ३ होतात?"

"कशातच नाही."

"सकाळी कुणाचे दोन रुपये देणं असेल, आणि पहिल्या भाड्याचे ५ आले, तर?"

उणे दोन. मी रिक्षातच ८ खोडून ते लिहिलं. पाच रुपयांत आता कुठली रिक्षा मिळते, हा भाग वेगळा.

त्यानंतर परीक्षेपर्यंत एकच सवय ठेवली. नियम सापडला असं वाटलं, की तो सारणीतल्या शेवटच्या ओळीवर घालून बघायचा. वजाबाकीच्या चिन्हात मी अजूनही फसते, पण फसले की तिथेच कळतं. बीजगणितात ४० पैकी २६ पडले. तुमचं किमान भाडं! घरी हे कुणाला समजलं नाही, मी मात्र एकटीच हसत बसले.

त्या रात्री सुटे नाहीत म्हणून तुम्ही शेवटी ३१ च घेतलेत. वरचे तीन रुपये मी आता स्टँडवरच्या चहावाल्याकडे कागदात गुंडाळून ठेवले आहेत. कागद तुमच्या सीएनजीच्या पावतीची झेरॉक्स आहे. मूळ पावती मी देणार नाही.

तुमची,
दोन किलोमीटरवाली ताई